दुखणे हा दंड आहे काय?

आमची एक नात परिचारिकेचे शिक्षण घेते. सुटीत घरी आली की तिची जाडजूड पुस्तके ओसरीवर पसरलेली असतात. आम्हाला इंग्रजी बेताचेच येते. परंतु अक्षर दिसले की वाचायचे, ही पाठशाळेतली खोड अजून सुटलेली नाही. गेल्या चातुर्मासात ती असेच काही वाचीत बसली होती. मधेच मान वर करून म्हणाली, "आजोबा, पेन या शब्दाचं मूळ काय असेल?" आम्ही म्हटले, "लिहायचे पेन?" तशी हसायला लागली. "नाही हो! अंग दुखतं ते पेन. आमच्या पुस्तकात त्याची व्याख्या दिलीय आणि खाली शब्दाचं कूळही दिलंय. त्याचा मूळ अर्थ शिक्षा."

शिक्षा म्हटल्यावर आमचे कान टवकारले. हा शब्द तरी काय कमी गमतीचा आहे? संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे-शिकवणे. वेदाच्या सहा अंगांपैकी एका अंगाचे नावच ते. मराठीत येता येता तिची छडी झाली. आम्हाला तर दोन्ही अर्थ एकाच गुरुजींच्या हातून मिळाले. पण ते असो.

नातीने सांगितले ते असे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या वैद्यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने १९७९ साली वेदनेची व्याख्या ठरविली आणि २०२० साली ती सुधारली. त्या सुधारलेल्या व्याख्येच्या शेवटी या पंडितांनी शब्दाची वंशावळ जोडली आहे. इंग्रजीतले 'पेन' आले फ्रेंचांच्या 'पेन'वरून, ते लॅटिनच्या 'पोएना'वरून, आणि ते ग्रीकांच्या 'पॉइने'वरून. पोएना म्हणजे दंड. पॉइने म्हणजे भरपाई, मोबदला.

ही वंशावळ आम्ही पुढे जमेल तशी, जाणत्यांना विचारून विचारून, धुंडाळली. तिच्यात एक जागा अशी सापडली की तिथून मन हलेना. म्हणून हा लेखनप्रपंच.

होमर हा ग्रीकांचा आदिकवी. त्याच्या इलियड काव्याच्या अठराव्या पर्वात एका ढालीचे वर्णन आहे. त्या ढालीवर एक नगर कोरलेले, नगरात बाजार भरलेला, आणि बाजारात दोन माणसांचे भांडण जुंपलेले. एक माणूस मारला गेला आहे, त्याची पॉइने दिली की नाही, असा तंटा. म्हातारी पंच मंडळी गुळगुळीत दगडांवर गोल बसून निवाडा करीत आहेत. म्हणजे पॉइने ही खुनाची भरपाई. आमच्या भावाला तू मारलेस, आता तुला मारू, असे म्हणण्याऐवजी अमुक इतके भर आणि वैर मिटव. पाहा, हा शब्द जन्मला तेव्हा दयेच्या पोटी जन्मला. रक्ताला रक्त नको म्हणून मोल ठरविले.

पुढे तो रोमन लोकांच्या कायद्यात आला. इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास त्यांनी आपला कायदा बारा पाट्यांवर कोरला. त्यात एक कलम असे की कोणी स्वतंत्र माणसाचे हाड मोडले तर ३०० नाण्यांचा दंड, गुलामाचे मोडले तर १५०. गुलामाचे हाड अर्ध्या किमतीचे! मोडताना दोघांच्या तोंडून 'आई गं' सारखेच निघत असेल की नाही? पण तो वेगळा विषय. आम्हाला दाखवायचे ते एवढेच की इथे पोएना भरायची कोणी? हाड मोडणाऱ्याने. ज्याचे मोडले त्याने नव्हे.

आणि आज? आज ज्याचे हाड मोडते तोच दवाखान्यात जाऊन 'पेन होतंय' म्हणतो. शब्द तोच, पण तो मारणाऱ्याच्या खिशातून निघून मार खाणाऱ्याच्या अंगात शिरला! हे कसे घडले? मध्ये ख्रिस्ती धर्माचे हजार-बाराशे वर्षांचे राज्य झाले. नरकातल्या शिक्षांना लॅटिनमध्ये पोएनाच म्हणत. नरकातली शिक्षा म्हणजे जळणे, होरपळणे, तळमळणे. हळूहळू शिक्षा आणि तळमळ यांतला सांधा पुसला गेला. इसवी सन १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत उतरला तेव्हा आधी शिक्षेसाठी, आणि मग कोणत्याही दुखण्यासाठी रूढ झाला. त्यापूर्वी इंग्रजांना दुखत नव्हते असे नाही. त्यांचे घरचे शब्द होते. 'हेडेक' म्हणतात त्यातला 'एक' हा त्यांपैकीच. पण बाहेरून आलेल्या या शब्दाने ओसरी घेतली आणि मग घरही घेतले. त्याची भावंडे मात्र अजून कचेरीतच काम करतात. पेनल्टी घ्या. पीनल कोड घ्या. इंग्रजांनी १८६० साली आपल्याकडे जी दंडसंहिता लावली आणि जी १ जुलै २०२४ पासून जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या इंग्रजी नावातले 'पीनल' आणि गुडघेदुखीतले 'पेन' ही एकाच आईची लेकरे.

आता कोणी म्हणेल, साहेबाच्या भाषेचे हे असेच, आपली भाषा पाहा कशी निर्मळ! थांबा. ग्रीक पॉइनेची बहीण आपल्या वेदात आहे. 'चयते' म्हणून एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ सूड घेणे, शासन करणे. पंडित सांगतात की दोहोंचे मूळ एक. इराणी लोकांच्या अवेस्तेत तोच शब्द 'कएना' होऊन बसला आणि फारसीत 'कीना', म्हणजे मनात धरलेले वैर. आणि हेही सोडून द्या. रोजच्या बोलण्यातला 'यातना' शब्द घ्या. मूळ संस्कृतात यातना म्हणजे परतफेड, केल्याचा बदला. म्हणूनच यमलोकीच्या शिक्षांना यातना म्हणतात. म्हणजे तो तर हुबेहूब पोएनाच झाला. शूळ उठला म्हणतो. शूळ म्हणजे ज्यावर चोराला चढवीत तो सूळ. आणि शब्दांचे तरी कशाला? शेजारचा माणूस अंथरुणाला खिळला की पारावर काय बोलतात? 'कुठल्या जन्मीचं फेडतोय कोण जाणे.' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. खोटे कशाला बोला, म्हटलेही आहे.

तेव्हा प्रश्न इंग्रजीचा नाही. दुखणाऱ्या माणसाकडे पाहताना आपल्या डोळ्यांपुढे आधी न्यायालय उभे राहते की माणूस, असा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न किती खरा आहे याचे एक उदाहरण नातीनेच दिले. १८४७ साली स्कॉटलंडात एडिंबरोचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मची गुंगी देऊन बाळंतपणाच्या कळा कमी करता येतात हे दाखविले. बायाबापड्यांचे केवढे कल्याण! पण काही धर्माभिमान्यांनी हरकत घेतली. बायबलाच्या पहिल्या ग्रंथात, तिसऱ्या अध्यायात, पहिल्या स्त्रीने आज्ञा मोडली म्हणून देवाने तिला वेदनेत प्रसवण्याचे सांगितले आहे. मग ती वेदना औषधाने घालवणे म्हणजे देवाने दिलेली शिक्षा मोडणे नव्हे काय? सिम्प्सन नुसते डॉक्टर नव्हते, शब्द पारखणारेही होते. त्यांनी त्याच वर्षी पुस्तिका लिहून उत्तर दिले. मूळ हिब्रू शब्द 'एत्सेव', त्याचा अर्थ कष्ट, श्रम, असे त्यांनी मांडले. शिवाय त्याच अध्यायात पुरुषाला सांगितले आहे की जमीन तुला काटेकुटे देईल. मग शेतकरी काटे उपटतो तोही देवाचा अपराधीच म्हणायचा! आणि आदमची बरगडी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणली होती, तेही या डॉक्टरांनी विसरू दिले नाही. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतले, आणि मग बोलणाऱ्यांची तोंडे आपोआप मिटत गेली. राजाने मारले आणि पावसाने झोडपले तर तक्रार कोणाकडे, म्हणतात. इथे राणीने औषध घेतले म्हणून धर्म निमूट झाला, एवढाच फरक.

नात हे सांगत होती आणि हसत होती. आम्हाला हसू येईना. कारण हाच प्रश्न, याच शब्दांत, एका बाईने आम्हाला विचारला होता. आणि सिम्प्सनने दिले ते उत्तर आम्ही दिले नव्हते.

वीसेक वर्षे झाली. एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. चौथ्या दिवसाचे कीर्तन आमचे. विषय प्रारब्धाचा घेतला होता, आणि त्या रात्री कीर्तन रंगलेही फार. संचित, क्रियमाण, प्रारब्ध यांची फोड केली, सुटलेल्या बाणाचा दृष्टांत दिला; टाळकरी उभे राहिले, मृदंगाला उसंत नव्हती. रंगलेल्या कीर्तनाचा एक धोका असतो. बोलणाऱ्याला वाटू लागते की आपण जे बोलतो ते आपण जाणतो.

कीर्तन संपल्यावर पाया पडायला रांग लागली. शेवटी एक बाई आल्या. पदर डोक्यावर, हातात रिकामे तबक. म्हणाल्या, "महाराज, मालकांच्या गळ्यात गाठ आहे. कॅन्सर सांगितलाय. रात्रभर वरडत्यात. डॉक्टर म्हणतो, आता बरं व्हायचं नाही, पण दुखायचं थांबवता येईल. त्याचं औषध हितं मिळत नाही, मुंबईहून आणावं लागतं." मग जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "ते दिलं तर ह्यांचा भोग शिल्लक राहील का हो? पुढल्या जन्मी पुन्हा भोगावा लागंल का?"

वाचकहो, त्या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता, हे इथे मुद्दाम सांगतो. कारण गळ्याचा कॅन्सर म्हटले की पुष्कळांच्या मनात तोच प्रश्न येतो. ते काय, न्यायालयच! या जन्मीचे की मागच्या जन्मीचे, एवढाच फरक.

आम्ही थकलो होतो. गळ्यात हार होते. आम्ही म्हणालो, "माउली, भोग हा भोगूनच सरतो. नाम घ्या. नामासारखे औषध नाही." बाईंनी मान डोलावली, आमच्या पायांवर डोके ठेवले आणि त्या गेल्या.

पुढच्या वर्षी त्याच सप्ताहाला गेलो, तेव्हा त्या पुन्हा आल्या. कपाळ मोकळे होते. त्यांनी सांगितले की औषध आणले नाही. मुलगा मुंबईला जायला निघाला होता, पैसे उसने घेतले होते. पण महाराज असे म्हणाले म्हणून त्यांनीच त्याला थांबविले. मालक पुढे अडीच महिने होते. शेवटी शेवटी भिंतीवर डोके आपटीत. बाईंच्या आवाजात तक्रार मुळीच नव्हती. त्या फक्त म्हणाल्या, "पण महाराज, फिटलं असंल ना सगळं?"

आम्ही 'हो' म्हणालो.

एवढे झाल्यावर विद्वत्तेच्या गोष्टी काय सांगायच्या? तरी सांगतो, कारण आमच्यासारखे बोलणारे गावोगाव आहेत, आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवणाऱ्या बायाही गावोगाव आहेत.

आधी त्या औषधाचे. ते अफूपासून काढलेले मॉर्फिन. अफू आपल्याच देशात, मंदसोर-नीमचच्या शेतांत, सरकारी परवान्याने पिकते. पण १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांची इतकी कुलपे घातली की ज्यांना खरोखर हवे त्या रोग्यांनाच ते मिळेना. २०१४ साली संसदेने कायदा सुधारून ती कुलपे काही अंशी सैल केली. मुंबईत वांद्र्याला १९८६ सालापासून एक घर आहे, जिथे बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रोग्यांना ठेवून घेतात आणि त्यांचे दुखणे तेवढे हलके करतात. भारतातले अशा प्रकारचे ते पहिले. त्याचे नाव 'शांती अवेदना सदन'. अ-वेदना! हे नाव आम्ही प्रथम ऐकले तेव्हा त्या बाईंचा मुलगा डोळ्यांपुढे आला. निघालेला आणि परत फिरलेला.

वेदना हा आपला शब्द. तो 'विद्' धातूपासून निघतो. विद् म्हणजे जाणणे. वेद, विद्या, विद्वान ही सारी त्याचीच प्रजा. वेदना म्हणजे मुळात नुसती जाणीव. जुन्या ग्रंथांत सुखाचीही वेदना आहे. मराठीत ती दुखण्यापुरती उरली. आणि तिचेच प्राकृतातून झिजत आलेले रूप म्हणजे बाळंतिणीच्या 'वेणा'. ज्या कळांवरून एडिंबरोत एवढा वाद माजला, त्यांना आमच्या आजीने 'वेणा' म्हटले, म्हणजे नकळत 'जाणीव' म्हटले. त्यात ना दंड, ना अपराध. आणखी आपल्याकडे ठणका आहे, चमक आहे, उसण आहे, मुरडा आहे, ठुसठुस आणि चुरचुर आहे. यांत कुठे कोणी कोणाला फेडायला लावीत नाही. जसे दुखते तसे फक्त सांगतात. आणि कळ. कळ येते आणि कळवळा येतो. पहिली ज्याची त्याची, दुसरा बघणाऱ्याचा. व्युत्पत्तीच्या पंडितांनी इथे आम्हाला धरू नये. आम्ही फक्त कानाला लागले ते सांगितले.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात वेदनेचे ठिकाण कोणते याची चर्चा आहे. चरक सांगतात, मन आणि इंद्रियांसहित देह हे वेदनेचे ठिकाण. केस, नखांची टोके वगैरे वगळून. २०२० ची ती व्याख्याही हेच म्हणते, की वेदना हा इंद्रियांचा आणि मनाचा मिळून एक नकोसा अनुभव आहे. आणि तिच्या खालच्या टिपांत एक गोष्ट आहे, जी नातीच्या पुस्तकात पेन्सिलीने अधोरेखित केलेली आम्ही पाहिली. माणूस दुखते म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा. नात म्हणाली, "आम्ही शून्य ते दहामध्ये आकडा विचारतो, आजोबा. पेशंट आठ म्हणाला की आठ लिहायचं. 'इतकं कसं असेल' असं म्हणायचं नाही." का झाले, कोणामुळे झाले, हे त्या कागदावर त्या रकान्यात नाहीच. आम्ही जन्मभर कीर्तने केली. एकालाही किती दुखते असा आकडा विचारला नाही.

आता कर्माचा सिद्धांत. तो आम्ही सोडला असे कोणी समजू नये. ज्या अंगणात वाढलो ते उकरून टाकायचे वय आमचे नाही आणि तसे मनातही नाही. पण महाभारताच्या आदिपर्वातली अणीमांडव्याची कथा आम्ही इतक्या वेळा सांगितली आणि तिच्यातले एक बारीक अक्षर वाचायचे राहून गेले, ते सांगतो.

मांडव्य ऋषी मौन धरून, हात वर करून तप करीत होते. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपविला. राजाच्या शिपायांनी चोरांबरोबर त्यांनाही धरले आणि सुळावर दिले. ते मेले नाहीत. रात्री इतर ऋषी पक्ष्यांची रूपे घेऊन भोवती जमले. त्यांना फार वाईट वाटले, आणि त्यांनी काय विचारले? तुम्ही असे कोणते पाप केले होते? म्हणजे ऋषी झाले तरी पारावरचेच! मांडव्य म्हणाले, मी दोष कोणाला देऊ, माझा अपराध दुसऱ्या कोणी केलेला नाही. पुढे राजाला चूक कळली. सूळ उपटता येईना म्हणून कापला; त्याची अणी शरीरातच राहिली. मग मांडव्य थेट धर्मराजाच्या दारात गेले आणि म्हणाले, माझ्या कोणत्या कर्माचे हे फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. मांडव्य म्हणाले, एवढ्याशा अपराधाला एवढा दंड? आणि त्यांनी धर्मालाच शाप दिला की शूद्रयोनीत मनुष्य होऊन जन्म घे. तोच विदुर, ज्याच्या घरच्या कण्या देवाला गोड लागल्या. शिवाय मांडव्यांनी मर्यादा घातली, की चौदा वर्षांपर्यंत केलेले पाप म्हणून धरायचे नाही.

आम्ही या कथेतून नेहमी काय सांगत आलो? पाहा, काडी टोचल्याचेही फळ चुकत नाही! कथा मात्र भलतेच सांगते. सुळावरचा माणूस 'दोष माझाच' म्हणतो. तो त्याचा अधिकार, त्याचे तप, त्याने त्याला बळ येते. पण तेच वाक्य दुसऱ्याने त्याच्यावर लावले, मग तो लावणारा साक्षात धर्मराज का असेना, तर त्याला खाली येऊन माणसाचा जन्म घ्यावा लागतो. एक गोष्ट दोन तोंडांतून निघाली की दोन होतात. त्या बाईंचे मालक स्वतः म्हणाले असते, 'नको ते औषध, मी भोगून सरवतो', तर आम्ही हात जोडले असते. पण ते म्हणालेच नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. ते ओरडत होते.

आणि दुखणे म्हणजे दंड, हा हिशेब शरीरातही जुळत नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अमुक पापाला अमुक रोग अशी यादी आहे, आणि शतकानुशतके लोकांनी सर्वांत मोठ्या पापाचे फळ म्हणून बोट दाखविले ते महारोगाकडे. १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेनने त्या रोगाचा जंतू शोधला. पुढे १९४६ नंतर वेल्लोरच्या इस्पितळात डॉक्टर पॉल ब्रँड यांनी पाहिले की या रोग्यांची बोटे आपोआप झडून जात नाहीत. रोगाने मज्जातंतू मरतात, हाताला काही कळत नाही. मग निखारा हातात धरला तरी पत्ता नाही, जखम झाली तरी त्याच हाताने काम चालू; रात्री उंदीर बोटे कुरतडतात तरी जाग येत नाही. म्हणजे ज्या रोगाला आपण सर्वांत मोठी शिक्षा म्हटले, त्याचे भयंकरपण हेच, की त्यात दुखत नाही! दुखणे हा दंड असता तर महारोग्याला ती माफीच म्हणावी लागली असती. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ ज्यांच्यासाठी आनंदवन उभारले, ते सगळे असे 'माफी मिळालेले' लोक. दुखणे राखण करणाऱ्या कुत्र्यासारखे आहे. चोर आला की भुंकते. पण चोर घरात शिरून बसला, आता जाणार नाही असे ठरले, तरी ते रात्रभर भुंकतच राहते. तेव्हा त्याला गप्प करणे यात कोणाचा भोग अडतो?

भोग अडत असेल तर मग भूक लागली असता जेवणेही बंद केले पाहिजे. भूकही भोगच. नाथांनी काशीची कावड रामेश्वराला नेताना वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ते पाणी ओतले, ही कथा आपल्यात लहान पोरांना पाठ असते. त्या गाढवाला गाढवाचा जन्म कशाने आला, हे नाथांनी विचारल्याचे कोणी सांगत नाही. आम्हीही त्या कथेत ते कधी घातले नाही. मग त्या रात्री आमच्या तोंडात ते कुठून आले? हारांमुळे, दुसरे काय.

हे सगळे आता कळते. नातीला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "त्या आजी आहेत अजून?"

आहेत. सत्तरी उलटली. सप्ताहाला अजूनही पुढच्या रांगेत, खांबाला टेकून बसतात. दर वर्षी आम्हाला शेंगांचे लाडू आणतात. आमचा तो शब्द त्यांनी वीस वर्षे उशाशी घेऊन झोप काढली आहे; मालकांची ती अडीच महिन्यांची ओरड त्या शब्दाने त्यांना सोसता आली. आता त्यांना जाऊन 'आम्ही चुकलो, औषध द्यायला हवे होते' असे सांगावे, तर ती ओरड त्यांच्या कानांत नव्याने सुरू होईल. न सांगावे, तर उद्या त्यांच्या सुनेला, शेजारणीला काही झाले तर त्या आमचाच दाखला देतील, आणि पुन्हा एखादा मुलगा एस. टी. च्या थांब्यावरून परत फिरेल. नात म्हणते सांगा. घरातून म्हणतात, राहू द्या आता. आमच्या मनाचा कौल रोज बदलतो.

हे मासिक त्या गावच्या देवळात येते. बाईंना वाचता येत नाही; पुजाऱ्यांची सून दुपारी ओसरीवर बायांना वाचून दाखविते, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या सूनबाईंना एवढीच विनंती की हा लेख आधी स्वतः वाचावा आणि आम्ही येईपर्यंत ठेवून द्यावा. माघ वद्य नवमीला आम्ही त्या गावी मुक्कामाला आहोत. या खेपेस कीर्तनाच्या आधी, हार घालण्यापूर्वी, त्यांच्या घरी जाणार आहोत. नातही बरोबर येते म्हणाली आहे.